चाळीस प्रश्नांचा कागद

मी फ्रेंच शिकवते हे कळलं की भाईंदरमधली माणसं दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर हसत हसत ‘बोंजूर’ म्हणतात, नाहीतर डोळे बारीक करून विचारतात, “स्कोरिंग है ना, मॅडम?” आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने मुलाला फ्रेंचमध्ये शंभरपैकी नव्याण्णव मिळाले तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. त्या मुलाला मी लिफ्टमध्ये फ्रेंचमध्येच विचारलं, आता पुढे काय करणार? तो गोड हसला आणि म्हणाला, “मॅडम, एक्झाम तो हो गया ना.” मीही हसले आणि पेढा खाल्ला. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

आता दिसतं. आता कुठल्याही मुलाने फ्रेंचमध्ये धडाधड उत्तर दिलं की मला तो पेढा आठवतो.

मी तेहतीस वर्षं एका उपनगरातल्या कॉलेजात फ्रेंच शिकवते आहे. माझा प्रबंध सतराव्या शतकातल्या शोकनाटकांवर आहे. त्या नाटकांचा एक नियम असतो. राजवाड्यातलं एकच दालन, चार-पाच माणसं, आणि जे काही भयंकर घडायचं ते दाराबाहेर. रंगमंचावर सहसा रक्ताचा थेंब सांडत नाही. शेवटी कुणीतरी धापा टाकत आत येतं आणि बाहेर काय झालं ते सांगतं. या निरोप्यांवर मी चारशे पानं लिहिली. तज्ज्ञांनी नावाजली. माझे यजमान विमा कचेरीत होते, त्यांनी ती चारशे पानं हातात तोलून बघितली आणि म्हणाले, “यातलं एक तरी नाटक तू भाईंदरमध्ये कुणाला सांगू शकशील का?” मी रागावून दोन दिवस बोलले नव्हते.

वर्गात कुणाला निरोप्यांत रस नव्हता. सुरुवातीला मी उत्साहाने फ्रेंचमधूनच शिकवायची. महिनाभरात पालक प्राचार्यांकडे गेले. बाई पोर्शन पुरा करत नाहीत, भलतंच बोलतात. पहिल्या तोंडी परीक्षेत मी एका मुलीला विचारलं, काल संध्याकाळी काय केलंस? ती रडायला लागली. तेव्हा आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला बाजूला घेऊन एक कागद दिला. त्यावर चाळीस प्रश्न आणि चाळीस उत्तरं होती. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण कोण, आवडता पदार्थ कोणता. एकोणचाळिसावा प्रश्न होता, समजलं नाही तर काय म्हणाल? उत्तर : कृपया पुन्हा सांगाल का? चाळिसावा, फ्रान्सला जायला आवडेल का? बाई म्हणाल्या, “याच्या बाहेर जायचं नाही. त्यांचंही भलं, आपलंही.”

तो कागद मी ओळखला. मी स्वतः त्याच कागदावर पास झाले होते.

मग तोच कागद मी पुढे चालवला. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्याची मास्टर कॉपी असायची आणि ‘फ्रेंच चाळीस’ म्हटलं की तो न बघता काढून द्यायचा. मुलं घोकायची, मी विचारायची, ती म्हणायची, मी वीसपैकी एकोणीस द्यायची. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांचं ऐकून घेत होतो. मी फ्रान्सला एकदाच गेले आहे, तरुणपणी, शिष्यवृत्तीवर, एक महिना. तो महिना ग्रंथालयात काढला. ग्रंथालयात कुणी बोलत नाही, म्हणून माझं निभावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ मी तेव्हापासून आवळून धरली होती.

आता त्या मुलीचं सांगते.

काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा फ्रेंचचा वर्ग बंद पडायला आला. सात विद्यार्थी असले तर वर्ग चालवायचा, नाहीतर नाही, असं आमच्या कॉलेजात ठरलं होतं. माझ्याकडे सहा होते. वर्ग गेला की साहित्य गेलं, आणि माझे निरोपे गेले. उरलं असतं फक्त अकरावी-बारावीचं घोकणं. सातवी म्हणून माझी नजर एका मुलीवर गेली. बारावीला सत्त्याण्णव, पुढची दोन्ही वर्षं पहिली, आवाज खणखणीत. ती चौकची, उत्तनच्या पुढच्या कोळीवाड्यातली. तिला इतिहास घेऊन शिक्षिका व्हायचं होतं. नोकरी गावाजवळ मिळाली असती.

मी तिच्या घरी गेले. भाईंदर पश्चिमेहून चौकची बस मिठागरं, मुर्धा, राई करत जाते आणि उत्तन आलं की वासाने कळतं. बांबूच्या उंच वलांड्यांवर बोंबील वाळत टाकलेले होते. तिची आई अंगणात बसून जाळं ठीक करत होती. वडील बोटीवर. मी फ्रेंचचे फायदे सांगितले. परदेश सांगितला, दुभाष्याची नोकरी सांगितली, इतिहास घेऊन आजकाल काय मिळतं तेही सांगितलं. सात या आकड्याचं मात्र काही बोलले नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“बाई, तुमी शिकलेल्या हाव. आमाला यातला काय कलत न्हाय. माज्या पोरीचा भला व्हईल ना?”

“होईल,” मी म्हटलं. “माझ्यावर सोडा.”

तिने जाळं बाजूला ठेवलं आणि मला वाटीभर सुकट बांधून दिली. परतीच्या बसमध्ये ती पुडी मांडीवर घेऊन बसले होते आणि मला सारखं वाटत होतं की कुणीतरी मागून हाक मारणार आहे. कुणी मारली नाही.

मुलगी पहिली आली. मग तिच्याच मनात आलं, की माझ्या, आता सांगता येत नाही, फ्रान्समध्ये पुढचं शिकायला जावं. एका लहानशा गावातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. शिफारसपत्र मी लिहिलं. ‘अस्खलित बोलते’ असं त्यात लिहिताना पेन क्षणभर थांबलं होतं. पण सगळ्यांच्या पत्रांत मी तेच लिहीत आले होते. व्हिसाच्या मुलाखतीसाठी मी तिची तयारी करून घेतली, आमच्याच पद्धतीने. घरी बोलावून, समोर बसवून, चाळीसच्या चाळीस. यजमान पेपर वाचता वाचता म्हणाले, “अगं, तिला कधीतरी कागदाबाहेरचं विचार की.” मी म्हटलं, “तुम्ही तुमचं शब्दकोडं सोडवा.”

मुलाखतीत नेमके कागदातलेच प्रश्न आले. ती आनंदाने फोनवर ओरडत होती. मला खरं म्हणजे त्याच क्षणी भीती वाटली. इतकं सगळं मनासारखं झालं की माझ्या नाटकांत पडद्यामागे काहीतरी तयार होत असतं.

ती ऑगस्टअखेर गेली. सुरुवातीला रोज फोटो. मग आठवड्याने. मग नुसता अंगठा. एकदा लिहिलं, “मॅडम, इथे कोणीच आपल्यासारखं फ्रेंच बोलत नाही.” मी हसायचं चिन्ह पाठवलं. पुन्हा एकदा, “मी वर्गात गप्प बसते. त्यांना वाटतं मी लाजते.” मी लिहिलं, सवय होईल. तिच्या आईला ती काही सांगत नसावी, कारण आई एकदा मला भाईंदरच्या मार्केटमध्ये भेटली तेव्हा मासळीची पाटी खाली ठेवून म्हणाली, “पोर तिथं मस्त हाय. फोनवर तुमचाच नाव घेत असते.” आणि स्वतःचे हात धुतलेले नाहीत हे विसरून तिने माझा हात हातात घेतला. मी लवकर घरी आले.

डिसेंबरात नाताळची सुट्टी लागली. तिच्या बिल्डिंगमधली मुलं आपापल्या घरी गेली. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली सुट्टीमुळे बंद असलेलं दुकान. दुपारी अडीचच्या सुमारास माझा फोन वाजला. आम्ही नुकतंच जेवून उठलो होतो. तिकडे सकाळचे दहा.

“मॅडम, पोटात खूप दुखतंय. रात्रीपासून. उठता येत नाहीये.”

आवाज ओळखू येत नव्हता. मी म्हटलं, तिथल्या ॲम्ब्युलन्सच्या नंबरला फोन लाव. ती म्हणाली, लावलाय, तिकडच्या बाई लाईनवर आहेत, मला काही सुचत नाहीये, तुम्ही बोला. आणि तिने आम्हाला जोडून दिलं.

पलीकडून एका बाईचा आवाज आला. चांगला होता आवाज, शांत. तिने काहीतरी विचारलं.

मला एक अक्षर कळलं नाही.

इतकी वर्षं शिकवलेली भाषा होती ती. डोळ्यांसमोर छापून आली असती तर मी त्यातल्या एकेका शब्दावर तासभर बोलले असते. ती बाई अर्धे शब्द गिळत, भरभर, रोजचं बोलत होती आणि मला फक्त आवाज ऐकू येत होता. मी एकोणचाळिसावं उत्तर दिलं : कृपया पुन्हा सांगाल का? तिने पुन्हा सांगितलं, तितक्याच वेगाने. मध्येच मुलीच्या कण्हण्याचा आवाज. यजमान माझ्यासमोर येऊन उभे राहिले होते.

“तुला कळतंय ना?” ते म्हणाले.

“कळतंय,” मी म्हटलं. त्यांच्यासमोर, आणि लाईनवर ऐकणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीसमोर, मला नाही म्हणता आलं नाही. एवढ्यात त्या बाईने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे हो किंवा नाही म्हणायचं होतं.

मी ‘हो’ म्हटलं.

पलीकडच्या बाईचा आवाज एकदम मोकळा झाला. तिने आणखी काही सांगितलं, निरोपाचे शब्द तेवढे मला कळले, आणि ती गेली. “येतायत गं,” मी मुलीला म्हटलं. “पडून राहा.” ती म्हणाली, “बरं मॅडम.” मग तिचा फोन बंद झाला.

त्यानंतर मी सतरा-अठरा वेळा फोन लावला. विद्यापीठाला मेल केली. सुट्टी असल्याचं आपोआप उत्तर आलं, फार सुंदर फ्रेंचमध्ये. यजमानांनी चहा करून दिला, तो तसाच निवला. खाली शेजारीण पोराला क्लासला जायला ओरडत होती, सोसायटीच्या गेटवर भंगारवाला आला आणि गेला. मी हॉलमधल्या खुर्चीत बसून होते. माझ्या नाटकांतल्या राण्या अशाच बसतात. दाराबाहेर काय चाललंय ते त्यांना ठाऊक नसतं, पण आपण आधी काय बोलून बसलोय ते ठाऊक असतं. चारशे पानांत मी एकदाही लिहिलं नव्हतं की तेव्हा तोंडाला किती कोरड पडते. चौकला फोन करावा असं यजमान दोनदा म्हणाले. माझी छाती झाली नाही.

बाकीचं पुढे तिच्याकडूनच कळलं. ॲम्ब्युलन्स आलीच नव्हती. तिसऱ्या मजल्यावरून ती बसत बसत, एकेक पायरी उतरत खाली आली. तळमजल्यावर दुकानामागे एक म्हातारे गृहस्थ राहत होते, त्यांचं दार तिने हाताने वाजवलं. त्यांना ऐकू कमी यायचं. दार उघडायला किती वेळ लागला ते तिने मला कधी सांगितलं नाही. त्यांनीच तिला गाडीत घालून नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. दोन ऑपरेशनं झाली आणि ती महिनाभर हॉस्पिटलात होती. वाचली. पण वर्ष गेलं, प्रवेश गेला आणि एप्रिलमध्ये ती परत आली.

येण्याआधी तिने मला एकदाच फोन केला. मीच विचारलं, त्या दिवशी ती बाई काय विचारत होती?

“सोबत कोणी आहे का, तुला गाडीतून आणू शकेल असं,” ती म्हणाली. “तुम्ही हो म्हणालात.”

“तुला कळलं होतं?”

“हो मॅडम. तोपर्यंत तेवढं कळायला लागलं होतं.”

“मग बोलली का नाहीस? एक शब्द बोलायचास! नाही म्हणायचंस!”

 ती अगदी साधेपणाने म्हणाली, “तुम्ही बोलत होतात ना. मला वाटलं, मॅडमना माझ्यापेक्षा जास्त माहिती. मी मध्ये कशी बोलणार?”

मी माझ्या शिक्षकांच्या मध्ये कधी बोलले नाही आणि माझ्या मध्ये कुणी बोललेलं मी खपवून घेतलं नाही. वर्गात मान खाली घालून बसणाऱ्या मुलांना मी गुणी म्हणत आले. या गुणाची किंमत त्या पोरीने जिन्यावर भरली. मला माझा इतका राग आला की फोन ठेवल्यावर मी कपाटातला तो कागद काढला, आणि फाडलाही नाही, तसाच परत ठेवला. फाडून काय होणार होतं? झेरॉक्सवाल्याकडे मास्टर कॉपी होतीच.

मे महिन्यात मी चौकला गेले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. बसमध्ये वाक्यं जुळवली, मराठीतच. वलांड्या तशाच भरलेल्या होत्या, अंगण तेच. मुलगी ओट्यावर बसली होती, निम्मी झालेली, ड्रेस अंगावर लोंबत होता. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, बस, बस.

आई आतून आली ती थेट माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकले.

“बाई, तुमी फोनवर बोलल्या म्हणून माजी पोर वाचली. तिनं सांगला माना सगला. तुमी हितून बोलून तिथं गाडी बोलावली. देव हाव तुमी.”

मी मुलीकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिने आईला असं सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नाही. मला वाचवायला असेल, किंवा आईला वाचवायला. जिच्यावर पोर सोडली तिनेच घात केला हे कुठल्या आईला सहन होईल? माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. आईने चहा आणला, तळलेले बोंबील आणले. मी खाल्ले. माझी लाज मला वाटत होती आणि मी बोंबील खात होते.

मग ती समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “बाई, माजा एक काम करा. एवढी शिकली पोर, पण मी कवा ऐकला न्हाय. तुमी दोघी जरा बोला ना त्या भाषेत. माना ऐकू दे एकदा.”

मुलगी म्हणाली, “आये, राहू दे ना.”

“का राहू दे? बोल गो बाईंशी.”

मग मी सुरुवात केली. दुसरं काय येत होतं मला? तुझं नाव काय? तिने सांगितलं. गाव कुठलं? समुद्राकाठचं एक छोटं गाव. घरी कोण कोण? आई, वडील आणि मी. तिचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत राहिला नव्हता, पण एकही उत्तर चुकत नव्हतं. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती, डोळे भरून आलेले. शेजारच्या दोन बायाही कुंपणाशी येऊन थांबल्या. आवडता पदार्थ, आवडता ऋतू, आवडता सण. आम्ही एकमेकींकडे न बघता चाळीसच्या चाळीस म्हटले. एकोणचाळिसाव्याला तिचा आवाज किंचित अडकला. चाळिसावा विचारताना माझा. फ्रान्सला जायला आवडेल का? हो, फार आवडेल.

“वा! काय सुंदर बोलतात!” आई म्हणाली. “आजून बोला ना.”

मुलीने तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. “विचारा ना मॅडम,” ती मराठीत म्हणाली, शांतपणे. “एकेचाळिसावा विचारा.”

मला वाक्य जुळवायला वेळ लागला. मग मी फ्रेंचमध्ये, हळूहळू, तिला विचारलं, मला माफ करशील का?

तिला कळलं. हे मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. ती वलांडीकडे बघायला लागली. समुद्राकडून वारा येत होता आणि वलांडीवरचे बोंबील हलत होते. कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायका वाट बघत होत्या.

“आता का गप झाली?” आईने तिला कोपराने ढोसलं. “बाई काय विचारतात, बोल ना.”

“याचं उत्तर कागदात नव्हतं, आये,” ती म्हणाली आणि माझी रिकामी बशी उचलून आत गेली.